पाम ऑइल मिलच्या बॉयलरचा काळा धूर: चिमणीवर खर्च करायच्या आधी काय काय बघायचं

कोल्हापूर भागातल्या साखर कारखान्यात बॉयलरवर बरेच सीझन काढल्यावर मी मलेशियात जोहोर राज्यातल्या एका पाम ऑइल मिलमध्ये कामाला गेलो. पहिल्याच आठवड्यात क्वार्टर्सच्या मागे दोरीवर वाळत घातलेला पांढरा शर्ट काढायला गेलो तर त्यावर केसाएवढे बारीक काळे तंतू चिकटलेले, आणि बोटानं पुसायला गेलो तर तेलकट रेघ उमटली. आपल्याकडे कारखान्याच्या आजूबाजूला गच्चीवर बगॅसची, म्हणजे उसाच्या चोथ्याची, काजळी पडते ती झटकली की उडून जाते, ही उडेना. त्या तेलकट रेघेतच मिलमधला अर्धा घोळ लिहिलेला होता हे मला कळायला नंतर चार महिने लागले, म्हणून हे सगळं सविस्तर लिहितोय. आंध्र-तेलंगणात पामच्या मिल आहेत, केंद्र सरकारनं 2021 मध्ये खाद्यतेल पाम मिशन आणल्यापासून लागवडही वाढवतायत, आणि साखरेतली आपली पोरं अशा मिलमध्ये जातात तेव्हा त्यांना वाटतं बगॅस काय आणि फायबर काय, सगळं सारखंच. तसं नाहीये.

एक गोष्ट आधीच सांगतो. धूर चिमणीतून दिसतो म्हणून सगळे चिमणीकडे बघतात, कोटी-कोटीची फिल्टर सिस्टिम मागवतात. पण धूर तयार होतो भट्टीत, आणि भट्टी बिघडते ती प्रेसवर, म्हणजे फळं पिळायच्या मशीनवर, आणि स्टरिलायझरवर, म्हणजे घड वाफेवर शिजवायच्या टाकीवर. त्यामुळे क्रम उलटा ठेवा, आधी मिल, मग भट्टी, मग हवा, आणि सगळ्यात शेवटी धूळ पकडायची मशिनरी.

आधी हिशोब समजून घ्या

मिलमध्ये फळांचे अख्खे घड येतात, त्याला सगळे एफएफबी म्हणतात. 100 टन घड आले तर साधारण 22-23 टन रिकामे घड, 13 टनाच्या आसपास फायबर म्हणजे गर पिळून राहिलेला चोथा, आणि 5-6 टन शेल म्हणजे बीचं कवच, एवढं निघतं. एक टन घडामागे अर्धा टन वाफ लागते असं धरून चाला. म्हणजे ताशी 60 टनाची मिल असेल तर 30 टन वाफ, आणि त्याच मिलमध्ये तासाला पावणेआठ टन फायबर आणि तीन-सव्वातीन टन शेल आपोआप पडत असतं. दोन्ही मिळून गरजेपेक्षा जास्तच इंधन होतं.

खरी अडचण इथेच आहे बघा, इंधन फुकट आहे आणि जास्त आहे, त्यामुळे कुणालाच ते नीट जाळायची गरज वाटत नाही, उलट फायबरचा ढीग साचू नये म्हणून जेवढं बसेल तेवढं भट्टीत ढकलायची सवय लागते आणि बॉयलरचं इन्सिनरेटर, म्हणजे कचरा जाळायची भट्टी, होतं. साखर कारखान्यात जिथे कोजनची, म्हणजे बॉयलरच्या वाफेवरच तयार केलेली, वीज विकायची असते तिथे बगॅसचा किलो किलो मोजतात, इथे मोजमापच नसतं. हल्ली तर शेलला बाहेर भाव आहे, जपानमधले बायोमास पॉवर प्लांट ते विकत घेतात, म्हणून कोरडं चांगलं शेल विकायला जातं आणि बॉयलरला राहतं ओलं फायबर. नुसत्या फायबरवर वरच्या मिलची 30 टन वाफ निघत नाही, मग फायरमन अजून फायबर कोंबतो, अजून धूर. शेल किती विकायचं हे ऑफिसमध्ये ठरतं पण त्याचा धूर चिमणीतून निघतो, हे मॅनेजरला आकडे मांडून दाखवावं लागतं.

पायरी 1: सात दिवस नुसतं बघा

काहीही बदलायच्या आधी एक आठवडा नोंद करा. रिंगलमन कार्ड मिळतं, पांढऱ्यापासून काळ्यापर्यंत छटा असतात, एक नंबर म्हणजे 20 टक्के काळपटपणा, दोन म्हणजे 40, असं चढत जातं. सूर्य पाठीमागे ठेवून उभं राहायचं, चिमणीच्या तोंडाजवळचा धूर बघायचा, दर पाच मिनिटांनी नंबर लिहायचा. पांढरा दाट लोट दिसला तर ती बहुतेक पाण्याची वाफ असते, थोडं पुढे जाऊन विरते, तिला घाबरू नका. काळा म्हणजे न जळलेला कार्बन, करडा-तपकिरी आणि लांबपर्यंत तसाच राहणारा म्हणजे बारीक राख.

आता महत्त्वाचं, त्याच कागदावर शेजारी तीन कॉलम ओढा, बॉयलरचं प्रेशर, कुठल्या स्टरिलायझरला वाफ सोडली त्याची वेळ, आणि भट्टीचे दरवाजे कधी उघडले. मी हे केलं तेव्हा तिसऱ्या दिवशीच चित्र समोर आलं. धूर दिवसभर नव्हताच, तो ठरावीक वेळी उसळायचा, दहा-बारा मिनिटं राहायचा आणि जायचा, आणि दर वेळी त्याच्या तीन-चार मिनिटं आधी स्टरिलायझरचा व्हॉल्व्ह उघडलेला असायचा.

पायरी 2: स्टरिलायझरचं टाइमटेबल

ज्यांनी पामची मिल बघितली नाही त्यांच्यासाठी सांगतो. घड आले की लोखंडी पिंजऱ्यांत भरून लांबलचक आडव्या टाकीत ढकलतात आणि साधारण 3 बार वाफेवर शिजवतात. जुन्या मिलमध्ये ट्रिपल पीक म्हणून पद्धत असते, म्हणजे प्रेशर चढवायचं, सोडायचं, परत चढवायचं, सोडायचं, आणि तिसऱ्यांदा चढवून धरून ठेवायचं, सगळं मिळून दीड तासाच्या आसपास. आतली हवा निघावी आणि फळं घडापासून सुटावीत म्हणून हे करतात, त्यात चूक काही नाही. पण प्रत्येक पीकला ती टाकी काही मिनिटांत प्रचंड वाफ ओढते.

आणि दोन टाक्यांचे पीक एकत्र आले की काय होतं बघा. बॉयलरचं प्रेशर धाडकन खाली येतं, टर्बाइन कुरकुरायला लागतं, कंट्रोल रूममधून ओरड येते, आणि फायरमन फीडरचा, म्हणजे भट्टीत इंधन टाकणाऱ्या यंत्राचा, स्पीड वाढवतो, शेल फावड्यानं मारतो. भट्टीत एकदम ढीगभर ओलं इंधन पडतं, आग दबते, हवा तेवढीच असते, आणि काळा लोट निघतो. मग दहा मिनिटांनी ते सगळं इंधन एकदम पेटतं तेव्हा वाफेची गरजच उरलेली नसते, सेफ्टी व्हॉल्व्ह उडतो. म्हणजे धूर पण झाला आणि वाफही वाया गेली.

उपाय अगदी साधा आहे आणि पैसे लागत नाहीत. चार स्टरिलायझर आणि भरणं-रिकामं करणं धरून 100 मिनिटांची सायकल असेल तर दर 25 मिनिटांनी एक टाकी सुरू झाली पाहिजे, त्याच्या आधी नाही. आमच्याकडे फळ उशिरा आलं की सुपरवायझर दोन टाक्या एकदम लावायचा, लॉरींची रांग लागलेली असायची, त्याचाही नाइलाज. शेवटी बॉयलरच्या समोरच्या भिंतीवर मोठा बोर्ड लावला, त्यावर चार टाक्यांच्या वेळा खडूनं लिहायच्या आणि नियम केला की बॉयलर हाऊसला फोन केल्याशिवाय पहिला पीक सोडायचा नाही. फोन आला की फायरमन पाच मिनिटं आधीच थोडं थोडं इंधन आणि हवा वाढवून तयार राहतो. दोन आठवड्यांत काळ्या लोटांची संख्या निम्म्याच्याही खाली आली, कागदावर मोजून. बॅक प्रेशर व्हेसल, म्हणजे टर्बाइनमधून आलेली वाफ स्टरिलायझरला जायच्या आधी जिथे साठते ती टाकी, तिचा मेकअप व्हॉल्व्ह (वाफ कमी पडली तर भर घालणारा) आणि रिलीफ व्हॉल्व्ह (जास्त झाली तर सोडणारा) पण त्याच वेळी तपासून घ्या, ते अडकलेले असतील तर टाइमटेबल कितीही चांगलं असलं तरी प्रेशर नाचत राहणार.

पायरी 3: इंधन, आणि त्या तेलकट रेघेचं उत्तर

फायबरमध्ये 35-40 टक्के पाणी असतं. प्रेस नीट चालत नसेल, स्क्रू झिजलेले असतील, तर पाणी पण जास्त आणि तेल पण जास्त. चांगल्या प्रेसमध्येसुद्धा कोरड्या फायबरवर 4-5 टक्के तेल राहतंच, पण झिजलेल्या स्क्रूमुळे ते वाढलं की भट्टीत काय होतं, तेल आधी वाफ होऊन वर जातं, वर पुरेशी हवा आणि उष्णता मिळाली नाही की अर्धवट जळून डांबरासारखं होतं आणि उडत्या फायबरच्या तंतूंना चिकटून बाहेर पडतं. माझ्या शर्टावरची रेघ ती हीच. लॅबमध्ये तेलाच्या लॉसचा रिपोर्ट रोज निघतच होता पण तो प्रोसेसवाले बघायचे, बॉयलरवाल्यांपर्यंत यायचाच नाही. तो रिपोर्ट मागून घ्या. प्रेसचे स्क्रू बदलायला मॅनेजमेंट धुरासाठी लवकर तयार होणार नाही, पण तेल जळतंय म्हणजे पैसे जळतायत म्हटल्यावर लगेच होते, असा माझा अनुभव आहे.

ओलावा मोजायचा म्हणजे दर शिफ्टला कन्व्हेयरवरून तीन वेगवेगळ्या वेळी मूठ मूठ फायबर घ्या, मिसळा, 100 ग्रॅम वजन करून 105 डिग्रीला ओव्हनमध्ये वजन स्थिर होईपर्यंत ठेवा, जेवढं वजन घटलं तेवढे टक्के पाणी. 40 च्या वर गेलं तर फीडर वाढवू नका, आधी प्रेसवर जा.

फायबर आणि शेल एकसारखं मिसळून आलं पाहिजे. आधी नुसतं फायबर मग एकदम नुसतं शेल असं येत असेल तर आग कधीच बसत नाही, कारण फायबर हवेत उडता उडता भुर्रकन जळतं आणि शेल ग्रेटवर, म्हणजे भट्टीच्या तळाच्या जाळीवर, पडून निखाऱ्यासारखं हळू जळतं. दोघांची हवेची गरजही वेगळी, फायबरला वरून, शेलला खालून.

रिकामे घड शक्यतो जाळू नका. 60 टक्क्यांच्या वर पाणी असतं आणि पोटॅश भरपूर, राख कमी तापमानाला वितळते, ग्रेटवर काचेसारखा क्लिंकर बसतो आणि ट्यूबवर चिकटते. ते मळ्यात झाडाखाली पसरणंच बरं.

पायरी 4: हवा

इथे साखरेतल्या माणसाला सोपं जातं, तत्त्व तेच. भट्टीत किंचित व्हॅक्यूम पाहिजे, पाण्याच्या 5 ते 10 मिलिमीटर उणे एवढाच. त्यापेक्षा जास्त ओढलं तर आयडी फॅन, म्हणजे भट्टीतला वायू चिमणीकडे ओढणारा पंखा, अर्धवट जळालेलं फायबर उचलून थेट चिमणीला नेतो, आणि व्हॅक्यूम शून्यावर आला की दरवाजातून ज्वाळा बाहेर येतात, माणसं भाजतात.

फ्लू गॅसमध्ये, म्हणजे भट्टीतून चिमणीकडे जाणाऱ्या वायूत, ऑक्सिजन 6 ते 8 टक्के असावा, म्हणजे कार्बन डायऑक्साइड 12-14 च्या घरात येतो. ऑक्सिजन 12 दाखवत असेल आणि तरी धूर काळा असेल तर गोंधळून जाऊ नका, हवा कमी नाहीये, चुकीच्या जागेवरून येतेय, ग्रेटच्या उघड्या पडलेल्या कोपऱ्यातून किंवा दरवाजाच्या फटीतून, आणि जिथे जळायचं आहे तिथे पोचतच नाहीये. त्याच वेळी कार्बन मोनॉक्साइड बघा, तो खूप वर गेलेला असेल तर हीच भानगड.

फटी शोधायला आमच्याकडे एक अगदी घरगुती पद्धत होती. बॉयलर थंड असताना आयडी फॅन चालू ठेवायचा आणि पेटलेली अगरबत्ती घेऊन दरवाजे, पीप होल (आग बघायची भोकं), डक्टचे जॉइंट, राखेचे हॉपर, सगळीकडे फिरायचं, धुराची रेघ जिथे आत वाकली तिथे खडूनं खूण. पहिल्यांदा केलं तेव्हा एका बाजूच्या डक्टवरच 17 खुणा झाल्या होत्या. दोरी पॅकिंग, नवीन गॅस्केट, दोन दिवसांचं वेल्डिंग, बस.

सेकंडरी एअरची नोझल बहुतेक ठिकाणी बुजलेली असतात नाहीतर डँपर, म्हणजे हवेची झडप, कुणीतरी कधीतरी बंद करून तसाच सोडलेला असतो. ती हवा जोरात, भट्टीच्या वरच्या भागात आडवी घुसली पाहिजे, तरच वायू घुसळले जातात आणि काजळी तिथेच जळते. आमचे हेड बॉयलरमन वयानं मोठे होते, सगळे त्यांना पाकचिक म्हणायचे, म्हणजे मलयमध्ये काका. ते मला पीप होलपाशी उभे करायचे आणि म्हणायचे मीटर नंतर बघ, आधी ज्वाळेचं टोक बघ. टोक लालसर आणि धुरकट असेल तर वरून हवा कमी, डोळे दिपवणारी पांढरी आणि आखूड असेल तर हवा जास्त, सोनेरी पिवळी आणि टोकाला स्वच्छ असेल तर हात लावू नकोस. ॲनालायझर आल्यावर आम्ही ताडून बघितलं, पाकचिकचा अंदाज क्वचितच चुकायचा.

पायरी 5: राख ओढणं आणि सुरुवात

फिक्स ग्रेटच्या बॉयलरमध्ये दर काही तासांनी दरवाजे उघडून हातानं राख ओढतात, तेव्हा हमखास धूर. एकावेळी अर्धाच ग्रेट साफ करा, आधी त्या बाजूचं फीडिंग थांबवून आग खाली बसू द्या, राख ओढताना एफडी, म्हणजे भट्टीला हवा देणारा पंखा, कमी करा, आणि साफ झाल्यावर चुकूनही त्या जागी ढीग टाकू नका, पातळ थर देऊन पेटू द्या. स्टरिलायझरच्या पीकच्या वेळी राख ओढायची नाही, तोच खडूचा बोर्ड बघायचा.

सुट्टीनंतर थंड बॉयलर पेटवताना कोरडं लाकूड आणि कोरडं शेल. तेलात भिजवलेली चिंधी, टायरचे तुकडे, प्लॅस्टिक, हे मी डोळ्यांनी बघितलंय म्हणून सांगतो, अजिबात नको, तो धूर कामगारांच्याच छातीत जातो. कोरड्या शेलची दहा-वीस पोती कायम शेडमध्ये बाजूला ठेवा.

पायरी 6: मल्टिसायक्लोन, आणि त्याच्या पुढचं

बहुतेक पामच्या मिलमध्ये मल्टिसायक्लोनच असतो, म्हणजे धूर गरगर फिरवून त्यातली राख खाली पाडणाऱ्या कोनांचा संच. तो जाड राख पकडतो, पण साधारण 10 मायक्रॉनच्या खालची बारीक धूळ बरीचशी निसटते, आणि फुप्फुसात खोल जाते ती नेमकी तीच. पण असलेला सायक्लोनसुद्धा बहुतेक वेळा मेलेला असतो. खालच्या हॉपरचा रोटरी व्हॉल्व्ह झिजला की तिथून हवा आत घुसते आणि पकडलेली राख परत उचलून चिमणीला देते. सायक्लोनच्या आधी आणि नंतर प्रेशर मोजा, नवीन असतानाच्या आकड्याशी ताडा, ड्रॉप खूप कमी झाला असेल तर आत भोकं पडलीत नाहीतर वायू बाजूनं निसटतोय, खूप वाढला असेल तर नळ्या तुंबल्यात. वार्षिक शटडाऊनला आत उतरून एक एक कोन टॉर्च लावून बघा. हॉपर भरून वाहायच्या आधी रिकामा करा.

हे सगळं झाल्यावरही आकडा बसत नसेल तरच पुढची मशिनरी. ईएसपी, म्हणजे विजेच्या भारानं धूळ प्लेटवर चिकटवणारं यंत्र, बारीक धूळ छान पकडतो, पण भट्टी नीट नसेल आणि न जळलेला कार्बन येत असेल तर कार्बन प्लेटवर टिकत नाही, परत उडतो, ठिणगी आणि आगीचाही धोका असतो. बॅग फिल्टर सगळ्यात चांगला पकडतो पण फायबरच्या जळत्या ठिणग्या आल्या की पिशव्यांना भोकं. वेट स्क्रबर, म्हणजे पाण्यानं धूर धुणारा, स्वस्त आणि दणकट, पण त्याचं काळं पाणी कुठे सोडणार, मिलचं स्वतःचं सांडपाणीच आधी डोक्याला ताप असतं. माझं मत विचाराल तर मोठ्या मिलला ईएसपी, पण पहिल्या पाच पायऱ्या केल्यावरच.

पायरी 7: मोजणी आणि नियम

मलेशियात 1978 च्या नियमांत धुळीची मर्यादा एका घनमीटरला 400 मिलिग्रॅम होती, 2014 च्या नव्या नियमांत 150 केली आणि जुन्या प्लांटना पाच वर्षं दिली. आपल्याकडे केंद्राच्या सर्वसाधारण बॉयलरच्या नियमांत साइझवर आहे, ताशी 2 टन वाफेच्या आतल्याला 1200, 2 ते 10 ला 800, 10 ते 15 ला 600, आणि 15 च्या वर 150. शेतमालाचा चोथा जाळणाऱ्या बॉयलरला मात्र वेगळे आकडे लागू होऊ शकतात, ते तपासून घ्या. शिवाय स्टेट पोल्युशन बोर्डाच्या कन्सेंटमध्ये, म्हणजे परवानगीपत्रात, त्याहून कडक आकडा लिहिलेला असू शकतो, आणि असेल तर तोच पाळायचा, त्यामुळे कन्सेंटची प्रत स्वतः वाचा.

हे आकडे बहुतेक वेळा 12 टक्के कार्बन डायऑक्साइडवर आणून बघतात आणि इथे फार लोक फसतात. समजा रिपोर्टमध्ये 120 मिलिग्रॅम आलंय आणि कार्बन डायऑक्साइड 6 टक्के आहे. 120 गुणिले 12 भागिले 6, म्हणजे खरा आकडा 240. हवा ओतून धूर पातळ केला तर डोळ्याला बरं दिसतं पण धूळ तेवढीच बाहेर जाते. रिपोर्ट हातात आला की पहिलं हे गणित करा. सॅम्पलिंग आयसोकायनेटिक पाहिजे, म्हणजे नळीत खेचायचा वेग चिमणीतल्या वेगाएवढा, आणि सॅम्पलिंगची जागा शेवटच्या वळणापासून चिमणीच्या व्यासाच्या आठपट पुढे आणि तोंडापासून दोनपट अलीकडे असावी. आणि कृपा करून मोजणीच्या दिवशी मिल निम्म्या लोडवर चालवू नका. स्टरिलायझर नेहमीसारखे चालू असताना मोजा, नाहीतर तो कागद फक्त फाइलला लावायच्या कामाचा.

अजून एक, हे कुणी सांगत नाही म्हणून लिहितो. सायक्लोनच्या हॉपरखाली राख भरायला जो माणूस उभा असतो, आमच्याकडे बहुतेक बांगलादेश किंवा नेपाळमधून आलेली पोरं असायची, तो चिमणीच्या खालचा सगळ्यात जास्त धूळ खाणारा माणूस. त्याला तोंडाला रुमाल पुरत नाही, नीट बसणारा एन 95 मास्क आणि बंद गॉगल द्या, दर शिफ्टला नवीन द्या, राखेवर थोडं पाणी मारून मगच भरायला लावा पण गरम निखाऱ्यावर एकदम पाणी मारू देऊ नका, वाफ अंगावर येते. राख पोटॅशची असते, मळ्यात खत म्हणून जाते, त्यामुळे उघड्या ट्रॉलीत नेताना वर ताडपत्री बांधा, नाहीतर चिमणीतून वाचवलेली धूळ वाटेवरच्या घरांवर जाऊन बसते.